परत घेवडाच का, असं पोरं विचारतात तेव्हा

पत्र साताऱ्याचं आहे, एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्या एका ३६ वर्षांच्या ताईंचं. नाव देत नाही. घरात पाच माणसं, नवरा कंपनीत, ओव्हरटाइम बंद झाल्यापासून हातात येणारा पगार बराच कमी झालाय. सासूबाई सोबत असतात, मुलगी १३ ची, मुलगा ८ चा. गाव कोरेगाव तालुक्यात, तिथून दीर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यांचं अर्धं पोतं पाठवतात. जानेवारीपासून ताईंनी चिकन आणि पनीर बंद केलं आणि आठवड्यातले चार-पाच दिवस कडधान्य सुरू केलं. का ते मुलांना किंवा सासूबाईंना सांगितलं नाही, "डॉक्टर म्हणाले कडधान्य खा" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मुलगा ताट सरकवतो. मुलगी मैत्रिणीकडे राजमा-चावल खाऊन आली आणि म्हणाली, आई तू असं छान काही करत का नाहीस. घेवडा सात-आठ शिट्ट्या दिल्या तरी टणकच राहतो, सिलिंडर लवकर संपतो. मध्ये एकदा गॅस वाचवायला तीन शिट्ट्यांवर बंद केला, तर त्या रात्री मुलीला आणि सासूबाईंना उलट्या झाल्या. सासूबाईंना एरवीही पोट फुगायचा त्रास आहे. शेवटी ताई लिहितात, "काकू, स्वस्तातलं खायला घालून मी पोरांचं नुकसान करतेय असं सारखं वाटतं. सोपं आणि कमी खर्चाचं काय करता येईल ते सांगा आणि माझं काही चुकतंय का तेही सांगा."

अगं, तू काकू म्हणालीस म्हणून मी अगं-तुगं करतेय, चालेल ना.

सगळ्यात आधी उलट्यांचं बोलते कारण ते तू पत्रात एका ओळीत उरकलंयस आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सासूबाई म्हणाल्या असतील घेवडा बाधला, आणि त्या बरोबर आहेत, पण बाधला तो घेवडा म्हणून नाही, अर्धाकच्चा राहिला म्हणून. घेवडा म्हण, राजमा म्हण, या जातीच्या कच्च्या दाण्यात लेक्टिन प्रकारचं एक प्रोटीन असतं, लाल दाण्यात ते जास्त असतं, आणि ते नीट उकळलं गेलं नाही तर खाल्ल्यावर एक ते तीन तासात मळमळ, उलट्या, मग जुलाब सुरू होतात. तुमच्याकडे दोघींना एकाच रात्री झालं म्हणजे बहुतेक हेच. बऱ्याचदा काही तासात उतरतं, पण लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल आणि उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि पुढच्यासाठी लक्षात ठेव, हे प्रोटीन खळखळ उकळण्यानेच मरतं. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं तरी जोरात उकळलं पाहिजे, मी तर अर्धा तास म्हणेन, आणि कुकरमध्ये नीट मऊ शिजवला तर मग काही काळजीच नाही कारण आतली वाफ १२० अंशाच्या आसपास जाते. नुसतं मंद गॅसवर कोमट-गरम ठेवून उपयोग नाही, उलट त्याने त्रास वाढू शकतो. म्हणजे एक उकळी आणून भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायची गॅस बचतीची जी युक्ती असते ना, ती भातासाठी कर, घेवड्यासाठी नको. मोड आलेला कच्चा घेवडा पण कोशिंबिरीत घालू नकोस, मटकी-मुगाचं वेगळं. परीक्षा एकच, दाणा दोन बोटात धरून दाबला की लोण्यासारखा चिरडला पाहिजे, मध्ये पांढरं कणीदार लागलं तर परत कुकर लाव, गॅस जाईना का जरा.

आता तो शिजत का नाही. तू लिहिलंयस "माझ्या हाताला जमतच नाही", आणि हे वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण यात हाताचा काही संबंध नाही गं. मला दोन गोष्टींचा संशय आहे.

एक म्हणजे पाणी. तुमच्या बिल्डिंगला बोअर आहे असं तू ओघात लिहिलंयस. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल, तर ते दाण्याच्या सालीत आणि आतल्या चिकट भागात जाऊन बसतं आणि दाणा मऊ पडूच देत नाही, वीस शिट्ट्या दिल्यास तरी. सातारा शहरात कासचं पाणी येतं ते डोंगरावर पडलेल्या पावसाचं साठलेलं पाणी, त्यात हाच घेवडा लवकर शिजतो, आणि खटाव-माणकडे बोअरच्या जड पाण्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं हीच तक्रार करत आल्यात. तुझ्या पातेल्याच्या, गिझरच्या किंवा चहाच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो का बघ. धरत असेल तर पाणी जड आहे हे नक्की. मग भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घे, साध्या फिल्टरने जडपणा जात नाही, आणि आरओ नसेल तर पाणी पाच-दहा मिनिटं उकळ, झाकून रात्रभर ठेव, सकाळी वरचं वरचं अलगद ओतून घे, तळाला जो पांढरा गाळ बसतो तो टाक. पूर्ण नाही पण बराच जडपणा कमी होतो. आणि भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला तरी फरक पडतो, फक्त चिमूटभरच आणि भिजवायच्या पाण्यातच, ते पाणी नंतर टाकून दाणे दोनदा धुवायचे. शिजवताना चमचाभर सोडा ढकलू नकोस, त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि आमटीला साबणासारखी चव येते.

दुसरं म्हणजे पोतं. दरवर्षी अर्धं पोतं येतं आणि पाच माणसात ते संपत नाही, मग नवीन घेवडा जुन्याच डब्यावर ओतला जातो, खरं ना? जुना दाणा, त्यातून आपल्याकडचा मार्च-एप्रिलचा उकाडा आणि मग पावसाळ्याची दमट हवा खाल्लेला, आतून असा कडक होतो की तो भिजतो पण शिजत नाही. आणि जुना-नवा एकत्र असला की अर्धे दाणे फुटून गेलेले असतात तरी अर्धे गोटीसारखे राहतात. तुझ्या वर्णनावरून तुझ्याकडे हेच होतंय. तेव्हा या रविवारी डबा परातीत ओत, मुलाला शेजारी बसव, तजेलदार दाणा एकीकडे, निस्तेज, सुरकुतलेला, गडद पडलेला एकीकडे. शंभर टक्के वेगळं होणार नाही पण अंदाज येतो. जुना वेगळा शिजव, त्याला १२ तासांपेक्षा कमी भिजवू नकोस. आणि पुढच्या दिवाळीला दिरांना सांग की आम्हाला पाच-सहा किलोच पाठवा, बाकीचा बाजाराला जाऊ दे, त्यांनाही चार पैसे मिळतील आणि तुझा घेवडा जुना होणार नाही. मोजून मागण्यात त्यांचा अपमान होत नाही गं.

आंबटाचं पण सांगते, कारण ही चूक खूप जणी करतात. टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही दाणा मऊ झाल्याशिवाय घालायचं नाही, आंबट पडलं की दाणा जिथे आहे तिथेच अडकतो. मिठाचं मात्र आपण उलटंच ऐकत आलोय. मीठ आधी घातलं की शिजत नाही म्हणतात, पण भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं, लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा, तर साल उलट मऊ होते आणि दाणा कमी फुटतो. मी स्वतः करून बघितलंय आणि तेव्हापासून तसंच करते. सकाळी ते पाणी टाकून धुवायचं.

मग कुकर. भिजून फुगलेले दाणे, वर दोन बोटं पाणी, अर्धा चमचा तेल म्हणजे फेस वर येऊन शिट्टीत अडकत नाही, आणि कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. मोठ्या गॅसवर एक शिट्टी, मग गॅस अगदी बारीक करून २० मिनिटं, बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. धाडधाड आठ शिट्ट्यांमध्ये नुसती वाफ बाहेर जाते, म्हणजे तुझे पैसेच बाहेर जातात, बारीक गॅसवर आतली उष्णता तेवढीच राहते आणि खर्च कमी. आणि एकदा लावलास की दोन वेळचं शिजव, अर्धं पाण्यासकट फ्रीजमध्ये, तीन दिवस आरामात राहतं.

एवढं सगळं सांगितलं पण तुझ्या पत्रात मला खरा अडकलेला दाणा वेगळाच दिसतोय.

तू म्हणतेस स्वस्तातलं घालून नुकसान करतेय. आपण जरा हे तपासून बघू. माणशी ५० ग्रॅम कोरडा घेवडा म्हणजे पाच जणांना पाव किलो, शिजल्यावर तो सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पोटभर होतो. ५० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम प्रोटीन असतं, एका अंड्यात ६ असतं. शिवाय लोह, फोलेट आणि चोथा, जो चिकनमध्ये अजिबात नसतो. भाकरीत किंवा भातात जो लायसिन नावाचा घटक कमी पडतो तो कडधान्यात भरपूर, आणि कडधान्यात जो कमी तो धान्यात असतो, म्हणजे घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी हे जेवण प्रोटीनच्या बाबतीत पूर्ण आहे. शाळेच्या पोषण आहारातसुद्धा पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ-कडधान्य असं प्रमाण धरलेलं आहे, सहावी ते आठवीला १५० ला ३०. तू त्याच्यापेक्षा जास्त देतेयस. मग नुकसान कुठे झालं? पोरांच्या शरीराचं तर झालेलं नाही.

आणि खर्चाचा हिशेब मनात करायची एक सोपी रीत सांगते, कडधान्याचा किलोचा भाव भागिले २० म्हणजे माणशी एका जेवणाचा खर्च. चिकनचा किलोचा भाव भागिले ५ किंवा ६, कारण हाडासकट माणशी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम लागतं. आज बाजारात जाशील तेव्हा दोन्ही करून बघ. आणि घेवडा तर तुला घरचा येतो.

तुझी मुलगी राजमा-चावल खाऊन खूश झाली ना? तुझ्या घरात पोत्यात जे पडलंय तेच खाऊन खूश झाली ती. राजमा आणि घेवडा एकाच झाडाच्या जाती आहेत, आपण जी श्रावणघेवड्याची कोवळी शेंग भाजीला आणतो ती पण तीच. मूळ अमेरिका खंडातलं हे पीक, मिरचीसारखंच बाहेरून आलं आणि आपलं होऊन गेलं, आणि कोरेगावच्या मातीत तर असं रुजलं की तिथल्या वाघ्या घेवड्याला, तो वाघासारखे पट्टे असलेला, २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, म्हणजे अमुक एका भागाचीच खासियत म्हणून सरकार दरबारी नोंद झाली. दार्जिलिंगच्या चहाला असतं तसं. हे तुझ्या मुलीला माहीत आहे का? तिला कोण सांगणार, तू तर तिला सांगितलंयस की डॉक्टरांनी खायला लावलंय. औषध म्हणून आलेलं ताट कुठलं मूल आवडीने जेवेल?

इथे मला जरा स्पष्ट बोलू दे. पैसे कमी येतायत ही गोष्ट घरात फक्त तुला आणि नवऱ्याला माहीत आहे, आणि पत्रावरून असं वाटतं की नवऱ्याशीही तू यावर नीट बसून बोललेली नाहीस, तो पगार हातात देतो आणि तू ओढाताण करतेस. चिकन बंद झालं, पनीर बंद झालं, कारण कुणालाच माहीत नाही, आणि त्या जागी जे आलं ते घेवडा. मग पोरांच्या डोक्यात घेवडा म्हणजे काहीतरी काढून घेतलं त्याची भरपाई, आणि तुझ्या डोक्यात घेवडा म्हणजे अपराध. तू वाढतानाच चेहरा पाडून वाढत असणार. मी तुला दोष देत नाही, माझे स्वतःचे असे दोन वर्षांचे दिवस गेलेत, मालकांचं काम सुटलं होतं आणि मी सगळ्यांना उपवासाची कारणं सांगत होते, आणि पोरांना सगळं कळत होतं. माझी थोरली नंतर म्हणाली आई आम्हाला भीती याची वाटायची की तू सांगत नाहीस. ते माझ्या अजून मनात आहे.

१३ वर्षांच्या मुलीला नक्की सांगता येतं की बाबांचा ओव्हरटाइम सध्या बंद आहे, काही महिने आपण जपून खर्च करतोय, तुमची शाळा आणि जेवण यात काही कमी होणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला एवढंही पुरे की चिकन आता महिन्यातून दोनदा, तारीख तू ठरव. हो, चिकन पूर्ण बंद करू नकोस असं माझं मत आहे. महिन्यातले दोन रविवार ठरवून टाक, कॅलेंडरवर मुलाला गोल करू दे. वाट बघायला काहीतरी असलं की बाकीच्या दिवसांची कुरकुर निम्मी होते, आणि मधल्या दिवसात अंडी आहेतच. सासूबाईंना तर पहिल्यांदा सांग. तुला वाटतंय त्यांना कमीपणा वाटेल, मुलाचं कमी झालं म्हणून जीवाला लागेल. मला नाही तसं वाटत. कोरेगाव भागात शेती करून ज्यांनी संसार केला त्यांनी दुष्काळाची वर्षं बघितलीत, कडधान्यावर घर कसं चालवायचं हे त्यांना आपल्या दोघींपेक्षा जास्त माहिती असणार, आणि तू त्यांना विचारलंच नाहीस.

आता काय काय करायचं ते.

घेवड्याची आमटी तू करतेस ती कशी करतेस ते लिहिलं नाहीस पण मुलगा ताट सरकवतो म्हणजे पाणी एकीकडे दाणे एकीकडे होत असणार. शिजलेल्यातले दोन पळ्या दाणे पळीने घोटून परत आमटीत घाल, दाटपणा त्यानेच येतो. कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर भाजून, लसूण, कोथिंबीर घालून वाटण, फोडणीत आपली कांदा-लसूण चटणी, वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, घाई करायची नाही, मग दाणे त्यांच्याच पाण्यासकट. आंबट शेवटी, गुळाचा खडा शेवटी, आणि दहा मिनिटं मुरू द्यायचं. खोबरं महाग वाटत असेल तर भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ अर्धे-अर्धे चालतात. दुसऱ्या दिवशी तेच उरलेले शिजवलेले दाणे घेऊन मुलीसाठी राजमा-चावल कर, वेगळं काही लागत नाही, कांदा-टोमॅटो बारीक चिरून भरपूर परतायचं, आलं-लसूण, धने-जिरे पूड, गरम मसाला जरासा, खोबरं नाही. एकाच कुकरमध्ये शिजलेलं, दोन दिवशी दोन वेगळी जेवणं. आणि करताना तिला शेजारी उभी कर, तिला दाखव की हा आजोबांच्या रानातला घेवडा. तिसऱ्या दिवशी वाटीभर उरलाच तर कुस्करून, उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर टिक्क्या, डब्याला जातात.

अख्खा मसूर करतेस का? तुमच्याकडून कराड-इस्लामपूर मार्गे कोल्हापूरला जाताना ढाब्यांवर पाट्या असतात बघ. तो भिजवला नाही तरी चालतो, अर्धा तास भिजवला तर उत्तम, कुकरमध्ये पटकन होतो, त्यामुळे ज्या दिवशी रात्री भिजवायचं विसरलीस त्या दिवशीची ही सोय. कांदा सढळ, लसूण सढळ, कांदा-लसूण चटणी, वरून तुपाचा किंवा लोण्याचा छोटा गोळा, आणि मुलाला सांग आज ढाब्याचं जेवण. वर उकडलेलं अंडं अर्धं कापून ठेवलंस तर पाच माणसात तीन अंड्यात काम होतं आणि ताट भरलेलं दिसतं.

मटकी तर करतच असशील. एकच सांगते, मोड आणायला उन्हाळ्यात बारा तास भिजवून कापडात बांधली की दुसऱ्या दिवशी तयार होते, जास्त ठेवलीस तर वास येतो. चवळी तासा-दोन तासात भिजते, वांग्याबरोबर फार छान लागते.

हुलग्याचं मात्र मी थांबून सांगणार, कारण हे आपल्या भागातलं सोनं आहे आणि शहरात राहायला आलं की पहिलं तेच सुटतं. कमी पावसात येणारं पीक, माण-खटावच्या घराघरात असायचं. हुलगे भाजून जात्यावर दळून ते पीठ डब्यात भरून ठेवायचं, आता गिरणीत दळून आण, थोडंच, महिन्याभराचं. त्या पिठाचं माडगं करायचं, म्हणजे गूळ पाण्यात उकळून त्यात पाण्यात कालवलेलं पीठ सोडून ढवळत राहायचं, वरून दूध, सुंठ-वेलची असली तर घाल. आजारी माणसाला, बाळंतिणीला, पावसात भिजून आलेल्या पोरांना हेच मिळायचं. आणि शेंगोळे, त्याच पिठात थोडी ज्वारी आणि कणीक, लसूण-मिरची-जिरं, मीठ, घट्ट मळून हातावर वळून कडबोळ्यासारखी वेटोळी, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची आणि शिजवायची. भाजी, भाकरी वेगळं काहीच करायला नको, एका पातेल्यात पाच जणांचं जेवण. वळायला मुलाला बसव, त्याची वाकडीतिकडी असू देत, स्वतः वळलेलं शेंगोळं मूल ताटातून सरकवत नाही हा माझा अनुभव आहे. हे सासूबाईंना नक्की येत असणार, त्यांना पुढे बसव आणि तू हाताखाली थांब.

सासूबाईंच्या पोटाचं. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात ज्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि गॅस करतात. भिजवलेलं पाणी टाकून दिलं की त्यातल्या थोड्या निघून जातात. अर्धकच्चा दाणा त्यात भर घालत असणार, तो प्रश्न आता सुटेल. त्यांना घेवडा रात्री नको, दुपारी आणि आधी दोन-तीन चमचेच, आठवड्या-पंधरवड्यात हळूहळू वाढव, सवयीने त्रास कमी होतो. हिंग, ओवा, आलं घाल. रात्री त्यांना मूग किंवा मसूर. त्यांना बीपी असेल तर भिजवायच्या मिठाचा प्रयोग त्यांच्यासाठी नको, आणि किडनीचं काही दुखणं असेल तर कडधान्य किती खायचं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

मुलीसाठी अजून एक. या वयात मुलींना लोह कमी पडतं. उसळीवर लिंबू पिळायचं, कडधान्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते, आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा नाही, तासभर तरी जाऊ दे.

आठवड्यात चार-पाच दिवस कडधान्य यात काही गैर नाही, पण तेच कडधान्य तशाच रूपात चार दिवस नको. रविवारी रात्री घेवडा भिजव, बुधवारी रात्री मटकी किंवा चवळी, मध्ये मसूर, शनिवारी शेंगोळे किंवा पिठलं, एवढं पुरे. जास्त प्लॅन करशील तर तोच एक ताण होईल. आणि पालेभाजी सोडू नकोस, मंडईत संध्याकाळी उशिरा गेलीस की मेथी-शेपूच्या जुड्या कमी भावात मिळतात, शेपू मुगाच्या डाळीत, चाकवत हरभऱ्याच्या डाळीत.

आणि किडीचं विचारलंयस. पोतं तसंच ठेवू नकोस. सोसायटीच्या गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दे, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, गरम भरलंस तर आत घाम धरतो. दाण्याला एरंडेलाचं बोट लावून चोळ, किलोला एखादा चमचा पुरतो, मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. फ्रीजरमध्ये जागा असेल तर थोडा थोडा करून चार-पाच दिवस तिथे ठेवून मग डब्यात, त्याने आतली अंडी मरतात. भुंगे लागलेला, भोकं पडलेला जो असेल तो चाळून काढ, त्याचा मोह धरू नकोस.

आधी एकदम पाव किलो भिजवू नकोस. एक मूठ जुना, एक मूठ नवा, दोन वाट्यांत वेगळे, आरओच्या किंवा उकळून निवळलेल्या पाण्यात रात्री भिजव आणि सकाळी दोन डब्यांत एकाच कुकरला लाव, म्हणजे पाण्याचा दोष किती आणि दाण्याचा किती ते तुझं तुला कळेल. जुना तरीही नाहीच शिजला तर तो भाजून थालीपिठाच्या भाजणीतही घालू नकोस, नुसत्या भाजण्याने ते प्रोटीन पूर्ण मरेलच असं नाही. त्यापेक्षा तो न शिजणारा दाणा अंगणात जागा असेल त्याला पेरायला देऊन टाक, पोटात अर्धकच्चा जाण्याची भीतीच नको.

काय झालं ते लिही मला. आणि सासूबाईंशी बोलशील तेव्हा त्यांना एक विचारून ठेव, त्यांच्या माहेरी घेवड्याच्या आमटीत चिंच घालायचे की आमसूल. आमच्याकडे चिंच, पण वाठारच्या माझ्या मावशी आमसूलच घालायच्या आणि ती आमटी मला अजून तशी जमलेली नाही.